क्रेडिट कार्डचं थकलेलं बिल 'सेटल' करायचंय? बँकेशी बोलण्याआधी एवढं माहीत असू द्या

"तुमच्या क्रेडिट कार्डचं ७० टक्के कर्ज माफ करून देतो, फक्त मेसेज करा." अशी एखादी रील तुमच्याही समोर आली असेल. नसेल आली तर हा लेख उघडलाय म्हटल्यावर आता येईलच.

रीलमधली गोष्ट पूर्ण खोटी नाही. थकलेलं बिल कमी रकमेत मिटवता येतं, बँका तसं करतात आणि रिझर्व्ह बँकेने त्यासाठी नियमही घालून दिलेत. फक्त ती माफी नसते, सौदा असतो. बँक काही पैसे सोडते आणि त्याची नोंद तुमच्या नावावर पुढची अनेक वर्षं राहते. हा सौदा कधी परवडतो, कसा करायचा आणि माणसं त्यात नेमकी कुठे फसतात, ते नीट समजून घेऊ.

आधी आकडा एवढा फुगतो कसा ते बघा. समजा कार्डवर १ लाख रुपये बाकी आहेत. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे ३,५०० रुपये. या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ६३० रुपये. 'मिनिमम ड्यू' साधारण ५ टक्के धरला तर तुम्ही ५,००० रुपये भरता. त्यातले ४,१३० रुपये व्याजात आणि करात गेले. मूळ कर्ज कमी झालं फक्त ८७० रुपयांनी! वर्षभर इमानेइतबारे मिनिमम भरणारा माणूस "एवढे पैसे भरले तरी बाकी तेवढीच कशी?" असं विचारतो, त्याचं उत्तर या हिशोबात आहे. शिवाय मागची बाकी असताना नवीन खरेदी केली, तर तिलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही.

"एवढं व्याज घेणं बेकायदेशीर आहे, कोर्टात जाईन," असं काही जण म्हणतात. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेणं ही अनुचित प्रथा ठरवली होती. पण सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ ला तो निकाल रद्द केला. त्यामुळे त्या निकालाच्या भरवशावर राहू नका.

बँक कमी पैसे घ्यायला तयार का होते?

क्रेडिट कार्डच्या मागे तारण नसतं. घराचा हप्ता थकला तर बँक घराकडे बघते, सोनं गहाण असेल तर लिलाव करते. कार्डच्या बाबतीत तिच्या हातात फक्त तुमची सही असते. मिनिमम रक्कमही ९० दिवस भरली गेली नाही की खातं एनपीए होतं. मग त्या कर्जापोटी बँकेला स्वतःच्या नफ्यातून तरतूद करावी लागते, आणि कर्ज जुनं होत जाईल तशी ही तरतूद वाढते. त्यात वसुली एजन्सीचं कमिशन आणि दाव्याचा खर्च धरला, की दोन लाखांच्या बाकीपोटी आज रोख मिळणारे लाखभर रुपये बँकेला बरे वाटू लागतात.

म्हणूनच दोन महिने थकलेल्या खात्यावर सहसा सूट मिळत नाही आणि वर्षभर थकलेल्यावर बोलणी होतात. पण याचा अर्थ "मुद्दाम भरायचं थांबवा, मग सेटलमेंट मिळेल" असा काढू नका. नेमका हाच सल्ला काही सेटलमेंट कंपन्या देतात, वर दरमहा स्वतःची फी घेतात. त्या काळात व्याज चालू राहतं, क्रेडिट स्कोअर कोसळतो आणि वसुलीचे फोन तुम्हालाच येतात, त्यांना नाही.

तुमचं उत्पन्न चालू असेल, फक्त ओढाताण होत असेल, तर सेटलमेंटच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. बँकेला सांगून बाकीचे हप्ते करून घ्या. घरात सोनं असेल तर त्यावर कर्ज काढून कार्ड मोकळं करा. सोनं गहाण टाकायला आपल्याकडे लाज वाटते खरी, पण सोनेतारण कर्जाचा दर कार्डच्या व्याजाच्या निम्म्याहूनही कमी असू शकतो. सेटलमेंट ही नोकरी गेली, धंदा बसला, घरात मोठं आजारपण आलं आणि आता पूर्ण रक्कम फेडणं शक्यच नाही, अशा माणसासाठी आहे.

फोनवर काय बोलायचं?

आधी भीती बाजूला ठेवा. कार्डचं बिल न भरता येणं हा दिवाणी मामला आहे, तेवढ्यासाठी पोलीस उचलून नेत नाहीत. वसुली एजंटने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, नातेवाइकांत किंवा मित्रांत तुमची बदनामी करायची नाही, असे रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. "साहेब, उद्या तुमच्या ऑफिसात माणूस पाठवतो," असं कोणी म्हणालं तर नाव, एजन्सी आणि वेळ लिहून ठेवा. त्याच्याकडे बँकेचं अधिकारपत्र मागा.

पण सेटलमेंटही तुमचा हक्क नाही. एकरकमी तडजोड हक्क म्हणून मागता येत नाही आणि हायकोर्टानेही बँकेवर तशी सक्ती करू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये सांगितलंय. म्हणजे भांडून नाही, पटवून देऊन काम करायचं आहे. नोकरी गेल्याचं पत्र, हॉस्पिटलची बिलं, बँक स्टेटमेंट असे कागद जोडून बँकेच्या अधिकृत ईमेलवर लिहा. एजंटला तोंडी शंभरदा सांगण्यापेक्षा हा एक ईमेल जास्त कामाचा.

त्याच ईमेलमध्ये बाकीची फोड मागा: मूळ खर्च किती, व्याज किती, लेट फी किती, जीएसटी किती. समजा बँक १ लाख ६० हजार मागते आणि त्यात तुमची खरेदी ९५ हजारांची निघाली. मग बोलणी १ लाख ६० हजारांवरून खाली उतरत करायची नाहीत, ९५ हजारांपासून सुरू करायची. "साहेब, खरेदी केली तेवढ्याचा विचार करतोय, त्यावरचं व्याज मला झेपणार नाही," हे वाक्य समोरच्यालाही कळतं.

आकडा मात्र खिशाकडे बघून ठरवा, टक्क्यांकडे बघून नाही. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२३ च्या नियमांनुसार सेटलमेंटची रक्कम तीन महिन्यांपेक्षा जास्त मुदतीत फेडायची असेल, तर ती पुनर्रचना मानली जाते. त्यामुळे बँका एकरकमी किंवा दोन-तीन हप्त्यांतच पैसे मागतात. तुमच्याकडे ७० हजारच उभे राहणार असतील तर ९० हजारांना "हो" म्हणून येऊ नका. एक हप्ता चुकला की बहुतेक पत्रांतल्या अटीप्रमाणे सेटलमेंट रद्द होतं, पूर्ण बाकी पुन्हा डोक्यावर येते आणि भरलेले पैसे त्यातच जमा होतात.

पहिला आकडा शेवटचा नसतो. "ही ऑफर आज संध्याकाळपर्यंतच" हे वाक्य भाजीवाल्याच्या "शेवटचा भाव" सारखंच असतं. वसुली करणाऱ्यांना महिन्याचं टार्गेट असतं, त्यामुळे महिनाअखेर आणि विशेषतः मार्चअखेर ते जरा मऊ होतात.

हप्त्यांसाठी पुढच्या तारखेचे चेक मागितले तर जपून. बिल थकणं हा गुन्हा नाही, पण चेक वटला नाही तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली फौजदारी तक्रार होऊ शकते. दिवाणी कर्ज फौजदारी करून घ्यायचा हा सगळ्यात सोपा रस्ता आहे.

आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. पगाराचं खातं त्याच बँकेत असेल तर कार्डच्या करारातल्या अटीनुसार बँक त्यातून थकबाकी वळती करू शकते. करार काढून वाचा.

पत्र हातात आल्याशिवाय एक रुपयाही नाही

लोक खरे फसतात ते इथे. एजंट म्हणतो, "आज २० हजार टाका, लेटर दोन दिवसांत येईल." पैसे जातात, पत्र येत नाही आणि ते २० हजार व्याजात जिरतात. काही वेळा तर पैसे एजंटच्या स्वतःच्या यूपीआयवर गेलेले असतात.

पत्र बँकेच्या लेटरहेडवर हवं, बँकेच्या अधिकृत ईमेलवरून आलेलं हवं. त्यात कार्ड खात्याचा क्रमांक, एकूण बाकी, सेटलमेंटची रक्कम आणि हप्त्यांच्या तारखा असाव्यात. ही रक्कम 'फुल अँड फायनल' आहे आणि ती भरल्यावर बँकेची काहीही बाकी राहणार नाही, हे स्पष्ट लिहिलेलं असावं. पत्र आलं की कार्डमागच्या कस्टमर केअर नंबरवर फोन करून ते खरं आहे का ते विचारा. पैसे थेट कार्ड खात्यातच भरा. शेवटचा हप्ता गेला की 'नो ड्यूज' दाखला मागा आणि सगळे कागद पावत्यांसकट जपून ठेवा. वर्षा-दोन वर्षांनी दुसऱ्याच एजन्सीचा फोन आला, तर तेच कागद पुढे करायचे आहेत.

सिबिलवर काय दिसतं?

पूर्ण पैसे फेडलेलं खातं 'क्लोज्ड' दिसतं, तडजोडीचं 'सेटल्ड'. पुढे गृहकर्जाला गेलात की बँकेचा माणूस हा शब्द बघतो आणि थबकतो. शिवाय तडजोड केलेल्या ग्राहकाला किमान १२ महिने नवं कर्ज द्यायचं नाही, असं २०२३ च्या नियमांत आहे. शेतीकर्जाचा अपवाद सोडला तर बँकेला हा काळ पाळावाच लागतो. म्हणून दोन-तीन वर्षांत घर घ्यायचा विचार असेल, तर नातेवाइकांकडून उसने घेऊन पूर्ण बाकी फेडणं अनेकदा स्वस्त पडतं. सेटलमेंट झाल्यावरही पुढे हात मोकळा झाला, तर सोडलेली रक्कम भरून नोंद 'क्लोज्ड' करून देता का, असं बँकेला विचारता येतं. बऱ्याच बँका तयार होतात.

कधी कधी बँकेऐवजी राष्ट्रीय लोकअदालतीची नोटीस येते आणि घरात रडारड सुरू होते. ते वॉरंट नसतं, तडजोडीचं बोलावणं असतं. दावा दाखल होण्याआधीची प्रकरणंही तिथे ठेवली जातात, कोर्ट फी लागत नाही आणि वाटाघाटी समोरासमोर होतात. तिथे जावं, पण विचार करून सही करावी. लोकअदालतीच्या निवाड्याला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याचा दर्जा असतो आणि त्यावर अपील नसतं.

पैसे भरून झाले तरी रिपोर्टवर बाकी तशीच दिसत असेल तर काय? कार्ड देणाऱ्या बँकेने सेटलमेंटनंतर ३० दिवसांत नोंद सुधारायची असते. सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा रिपोर्ट फुकट मिळतो, तो काढून बघा. चूक दिसली तर लेखी तक्रार करा. ३० दिवसांत ती सुटली नाही, तर उशिराच्या प्रत्येक दिवसामागे तुम्हाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. बँक दाद देत नसेल, तर तक्रारीला ३० दिवस झाल्यावर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, चौकशीसाठी १४४४८ हा नंबर आहे. सेटलमेंट का दिलं नाही किंवा सूट कमी का दिली, याची तक्रार लोकपाल ऐकत नाही. एजंटचा त्रास, चुकीची नोंद, पैसे भरूनही न मिळालेला दाखला, या तक्रारी मात्र ऐकतो.