सेमाडोहच्या रुग्णाने खारघर कधी गाठावे?

खर्रा घोटणाऱ्या वऱ्हाडात तोंडाचा कॅन्सर नवा नाही. अलीकडे ‘प्रोटॉन’ हा शब्दही कानावर येऊ लागला आहे. मेळघाटातल्या सेमाडोहच्या रुग्णासाठी त्या शब्दामागे मोठा प्रवास आणि मोठी आशा असते. म्हणून हा प्रोटॉन-किरणांचा उपचार कोणाच्या कामाचा, हे आधी समजून घ्यावे.

किरण कुठे थांबतो

ज्याला लोक शेक म्हणतात, ते एक्स-किरण गाठीतून आरपार जातात. पलीकडच्या लाळग्रंथी, मज्जारज्जू, डोळ्याची नस यांनाही मार बसतो. प्रोटॉन मात्र ठरावीक खोलीवर बहुतेक ऊर्जा टाकून तिथेच थांबतो. १९४६ साली रॉबर्ट विल्सन यांनी हा उपचार सुचवला. वाटेवरची कातडी मात्र प्रोटॉननेही भाजते.

खरा उपयोग कोणाला

कवटीच्या तळाशी, नाकामागे, सायनसमध्ये गाठ असणाऱ्यांना, लहान मुलांना आणि त्याच जागी पूर्वी शेक झालेल्यांना. घशाच्या कॅन्सरवर अमेरिकेत झालेल्या मोठ्या चाचणीत दोन्ही किरणांनी आजार सारखाच आटोक्यात ठेवला. प्रोटॉन घेतलेल्यांना अन्नासाठी पोटात नळी घालण्याची वेळ कमी आली. खर्ऱ्यामुळे होणाऱ्या गालाच्या, हिरडीच्या कॅन्सरला बहुधा आधी शस्त्रक्रिया लागते आणि नंतरचा साधा शेक पुरतो.

नागपूर की खारघर

नवी मुंबईत खारघरच्या टाटा केंद्रातली प्रोटॉन सुविधा ११ मे २०२३ रोजी राष्ट्राला अर्पण झाली. साधा शेक नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालयातही मिळतो. माझे स्पष्ट मत आहे: प्रोटॉनच्या आशेने नागपूरचा उपचार लांबवू नये. शेक सहा-सात आठवडे चालतो, आठवड्यातून पाच दिवस. मध्ये खंड पडला की कॅन्सरच्या उरलेल्या पेशी जोमाने वाढतात. डॉक्टरांनीच खारघरला पाठवले, तर राहण्याची सोय निघण्याआधी ठरवावी. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा टाटाच्या रुग्णांना कित्येक वर्षे आसरा देत आली आहे. ते बाबाही आपल्याच अमरावती जिल्ह्यातले.

वजन आणि दात

उपचारावेळी डोके हलू नये म्हणून चेहऱ्यावर बसणारा जाळीदार मास्क मापाने बनवतात. तोंड सोलून जेवण तुटले, वजन उतरले, की मास्क सैल होतो. मग प्रोटॉन भलत्याच खोलीवर थांबू शकतो आणि सीटी स्कॅन पुन्हा काढावा लागतो. म्हणून पातळ पेज, दूध, अंडी चालू ठेवावीत. किडलेले दात शेक सुरू होण्याआधी काढून घ्यावेत. नंतर काढले तर जबड्याची जखम महिनोन्‌महिने न भरण्याचा धोका असतो.