आठशे तासांचा हिशोब



शाळेत वर्षाला किती तास शिकवले पाहिजे, हे कायद्यात लिहिलेले आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला कमीत कमी 200 दिवस व 800 तास अध्यापन झाले पाहिजे. म्हणजे रोजचे चार तास.

मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या. तेव्हा मी पहिलीत होतो. पुढे अभ्यास मोबाईलवर आला. मुलांनी फार वेळ पडद्यापुढे बसू नये म्हणून केंद्र सरकारने जुलै 2020 मध्ये ‘प्रज्ञाता’ नावाच्या सूचना काढल्या. पहिली ते आठवीला दिवसाला जास्तीत जास्त दोन तासिका, एकेक 30 ते 45 मिनिटांची. डोळ्यांसाठी ते बरोबरच होते.

पण आता गणित करून बघा. 45 मिनिटांच्या दोन तासिका म्हणजे दीड तास. 200 दिवसांचे झाले 300 तास. 800 मधून 300 वजा केले तर 500 तास बुडाले. आमचे आजोबा अजून आण्यात हिशोब करतात. ते म्हणाले, “रुपयातले दहा आणे गेले की रे!” त्या वर्षी राज्यात अभ्यासक्रम 25 टक्के कमी केला होता, म्हणजे चार आणे. बाकीच्या सहा आण्यांच्या अभ्यासाला वेळच नव्हता.

आणि हे 300 तास कोणाला? ज्याच्या घरी मोबाईल, त्याला. आमच्या घरी एकच मोबाईल. वडील वाळूजला कंपनीत जात, तो त्यांच्याबरोबर जाई. सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ मालिका लागायची, ती आम्ही बघायचो. पण टीव्हीला शंका विचारता येत नाही, आणि लाईट गेली की तेही बंद.

एप्रिल 2021 मध्ये पहिली ते आठवीच्या मुलांना परीक्षा न घेता वरच्या वर्गात घातले. खेड्यातल्या पहिली ते चौथीच्या वर्गांना परवानगी मिळाली 1 डिसेंबर 2021 पासून. तोवर मी तिसरीत गेलो होतो. ‘असर’ पाहणीत देशातल्या खेड्यांमधली तिसरीची मुले तपासली. दुसरीचा धडा वाचणारी 2018 मध्ये 27.3 टक्के होती, 2022 मध्ये 20.5 टक्के राहिली. इयत्ता पुढे गेली, वाचन मागे राहिले.

पालकहो, आता शाळा चालू आहे. तरी कापूस वेचणीला, लग्नाला, बाजाराला आम्हाला घरी ठेवता. एक दिवस म्हणजे चार तास. दहा दिवस म्हणजे चाळीस. तेव्हा कोरोना होता, आपला इलाज नव्हता. आता आहे. आम्हाला रोज शाळेत पाठवा आणि रात्री अर्धा तास आमच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. तुम्हाला वाचता येत नसले तरी चालेल, नुसते ऐका.

— एक विद्यार्थी, इयत्ता सातवी