फिरतें घर आणि त्याचें ओझें

(नभोवाणीवरून केलेलें भाषण)

प्रवासाला निघतांना घर बरोबर घेऊन जावें, ही कल्पना आपल्याला नवी नाहीं. बैलगाडीवर तट्ट्या बांधून, तिच्यांतच भांडींकुंडीं, अंथरुणें आणि शिधा भरून जत्रेला निघालेलीं कुटुंबें आपल्यापैकीं पुष्कळांच्या वाडवडिलांनीं पाहिलीं आहेत. त्या गाडींत ओझें किती भरावें आणि कोठें भरावें, याचें एक शास्त्र गाडीवानापाशीं असे. मागच्या बाजूस ओझें फार झालें तर गाडी उलाळ होई, म्हणजे जूं वर उचललें जाऊन बैलांच्या गळ्याला आंवळ बसे. पुढें फार झालें तर तेंच जूं त्यांच्या मानेंत रुते. आज मी ज्या वाहनाविषयीं बोलणार आहें तें अमेरिकेंतलें आहे आणि त्याला बैल नाहींत. तरी त्याचें सारें मर्म या गाडीवानाच्या शास्त्रांतच आहे.

निव्वळ हौसेच्या प्रवासासाठीं असें घर मुद्दाम बांधवून घेणाऱ्यांत गॉर्डन स्टेबल्स या नौदलांतून निवृत्त झालेल्या डॉक्टरचें नांव आधीं घेतात. त्यानें १८८५ सालीं ब्रिस्टल येथें आपली 'वाँडरर' नांवाची गाडी बांधविली आणि दोन घोडे जुंपून तो इंग्लंडांतून स्कॉटलंडांत इन्व्हर्नेसपर्यंत गेला. पुढें घोड्याची जागा मोटारीनें घेतली. आज अमेरिकेंत या चाकांवरच्या खोलीला कॅम्पर म्हणतात. आंत निजण्याची सोय, लहानशी चूल, पाण्याची टांकी, क्वचित् न्हाणीघर. ही खोली मोटारीच्या मागें जोडावयाची आणि मुक्कामाच्या जागीं उभी करावयाची.

माझी मुलगी आणि जांवई मिनेसोटा राज्यांत मिनिआपोलिस शहरीं राहतात. त्यांना दोन मुलें आहेत. तिकडच्या बहुतेक मुलांबाळांच्या घरांत असते तशी त्यांच्याकडे मिनीव्हॅन आहे. सरकत्या दारांची, तीन ओळी आसनांची, सात-आठ माणसें सुखानें नेणारी. तीन वर्षांपूर्वीं उन्हाळ्यांत आम्ही उभयतां त्यांच्याकडे गेलों, तेव्हां त्यांनीं बेत सांगितला कीं, एक कॅम्पर घ्यावयाचा आणि सहाही जणांनीं यलोस्टोनचें वन पाहावयास जावयाचें. विक्रेत्याकडे अठरा फुटी, पक्क्या भिंतींचा एक देखणा कॅम्पर त्यांनीं पाहून ठेवला होता. विक्रेत्याचा हिशेब सरळ होता. "तुमची मोटार ३,५०० पौंड ओढते. हा कॅम्पर २,९०० पौंडांचा. सहाशें पौंड शिल्लकच राहतात."

श्रोते हो, एक पौंड म्हणजे साडेचारशें ग्रॅमांहून थोडें अधिक, हें ध्यानांत असूं द्या. तिकडचा सारा व्यवहार पौंडांत चालतो. माझें आयुष्य कारखान्यांतील याऱ्यांची देखभाल करण्यांत गेलें. यारीवर लिहिलेला आंकडा आणि तिच्या आंकड्याला प्रत्यक्ष लटकणारें ओझें यांतला फरक न ओळखल्यामुळें काय होतें, हें मीं पाहिलेलें आहे. म्हणून मीं जांवयांना एवढेंच विचारलें, "हे २,९०० पौंड रिकाम्या कॅम्परचे कीं भरलेल्या?"

ते रिकाम्याचे होते. पत्रकांत जें वजन ठळक छापतात तें कारखान्यांतून बाहेर पडतांनाचें. विजेची बॅटरी, स्वयंपाकाचा वायु, पाणी, गाद्या, भांडीं, कपडे, शिधा यांपैकीं फारसें कांहींच त्यांत धरलेलें नसतें. आम्ही कागद घेऊन बसलों. बॅटरी ५० पौंड. वायूचा भरलेला नळा सुमारें ३७ पौंड. पाण्याची टांकी वीस गॅलनांची. अमेरिकन गॅलनभर पाणी ८.३४ पौंड भरतें, म्हणजे टांकीचे १६७ पौंड. सहा माणसांचें अंथरूण-पांघरूण, कपडे, भांडीं, खुर्च्या आणि शिधा मिळून काटकसरीनें ३५० पौंड. बेरीज ६०४ पौंड झाली. विक्रेत्याचे शिल्लक सहाशें पौंड संपून वर चार पौंड झाले होते, आणि अजून मोटारींत कोणी बसलेंही नव्हतें.

येथें मिनीव्हॅनच्या शक्तीविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. होंडाची ओडिसी, आणि २०२१ सालच्या मॉडेलपासून केवळ संकरित यंत्रावर चालणारी टोयोटाची सिएना, या दोन्हींची ओढण्याची मर्यादा ३,५०० पौंडांची. क्रायस्लरची पॅसिफिका योग्य सामग्री बसविली असतां ३,६०० पौंड ओढते. परंतु तिची जी संकरित आवृत्ति २०१७ सालच्या मॉडेलपासून विकली गेली, ती ट्रेलर ओढण्यासाठीं नाहीं, असें उत्पादकानेंच सांगितलेलें आहे. तेव्हां एकाच नांवाच्या दोन मोटारींतही भेद असतो. विक्रेत्याला न विचारतां आपल्या मोटारीबरोबर मिळालेली पुस्तिका उघडावी. शिवाय ही मर्यादा ठरवितांना मोटारींत चालक आणि एक प्रवासी एवढेंच ओझें बहुधा गृहीत धरलेलें असतें. आम्ही तर सहा जण होतों.

आतां जुंवाकडे वळूं. कॅम्परच्या पुढें एक लोखंडी दांडी असते. ती मोटारीच्या मागें बसविलेल्या हिचवर, म्हणजे जोडाच्या गोळ्यावर, टेकते. भरलेल्या कॅम्परच्या एकंदर वजनाचा शेंकडा दहा ते पंधरा भाग या दांडीवाटें मोटारीवर यावा, असा नियम आहे. त्याहून कमी आला तर गाडी उलाळ झाली असें समजावें. उलाळ कॅम्पर वेगांत डावीउजवीकडे झुलूं लागतो. मोठा ट्रक बाजूनें गेला किंवा उतार लागला कीं तो झोला वाढत जातो आणि शेवटीं मोटारीलाही फरफटत नेतो. म्हणून जड सामान चाकांच्या आंसावर किंवा किंचित् पुढें ठेवावें, पाठीमागच्या टोकास कधींही ठेवूं नये. उलट दांडीवर भार फार आला तर मोटारीचीं मागचीं चाकें दबतात, पुढचीं हलकीं होतात, आणि वळवितांना मोटार हातचें ऐकत नाहीं.

हा दांडीचा भार मोटारीच्या खात्यावर लिहावयाचा असतो, आणि बहुतेक कुटुंबें चुकतात तीं या जागीं. चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक लहान चिठ्ठी चिकटवलेली असते. माणसें आणि सामान यांचें एकत्रित वजन किती पौंडांहून अधिक होतां कामा नये, हें तीवर लिहिलेलें असतें. आमच्या मोटारीच्या चिठ्ठीवर आंकडा होता १,२५०. मुलगी आणि जांवई ३१० पौंड, दोन मुलें १४०, आम्ही उभयतां २९०, मिळून ७४०. हाताशीं लागणाऱ्या पिशव्या आणि बर्फाची पेटी १५०. हिच आणि तिचें लोखंड ५०. झाले ९४०. उरले ३१० पौंड. आणि ३,५०० पौंडांच्या त्या कॅम्परचा दांडीभार शेंकडा बारा धरला तरी ४२० पौंड! ओढण्याच्या मर्यादेचा प्रश्न बाजूला ठेवला तरी मोटारीवर ११० पौंड ओझें जास्त होत होतें.

माझी नात शेजारीं बसून बेरीज तपासीत होती. तिनें पेन्सिल खालीं ठेवली आणि विचारलें, "आजोबा, मग काय आजी नाहीं येणार?"

कोणी कांहीं बोललें नाहीं. जांवयांचा चेहरा उतरला. माझी पत्नी म्हणाली, "मी घरीं राहतें, तुम्ही पाहून या." परंतु ज्या घराची हौस आजीआजोबांना बरोबर नेण्यासाठीं केली, तें घर त्यांनाच मागें ठेवून निघणार असेल, तर तें घेण्यांत अर्थ काय? मीं म्हटलें, "माणसें ठरलेलीं आहेत. आतां त्यांना पेलेल असा कॅम्पर शोधूं." श्रोते हो, या विषयांतलें सारें शहाणपण माझ्या मतें एवढेंच आहे. कॅम्पर पसंत करून मग माणसें बसवूं नयेत. माणसें आधीं मांडावीं आणि उरलेल्या आंकड्यांत बसेल तो कॅम्पर घ्यावा.

असे हलके कॅम्पर मुख्यतः तीन जातींचे आढळतात. पहिली जात थेंबाच्या आकाराच्या ठेंगण्या कॅम्परची. आंत दोघांपुरतें अंथरूण आणि पाठीमागें झांकण उघडून चूल. हा फार हलका असतो, पण कुटुंबाच्या कामाचा नाहीं. मुलांना बाहेर तंबू ठोकून निजवावें लागतें.

दुसरी जात काचतंतूंच्या कवचाची. १९६८ सालीं कॅनडांत विनिपेग येथें निघालेला 'बोलर' हा तिचा नामांकित पूर्वज. मिनेसोटांत बॅकस गांवीं होणारा 'स्कँप' त्याच घराण्यांतला. याचें कवच सांच्यांत ओतलेल्या दोन मोठ्या भागांचें असतें. लांकडी चौकटीच्या कॅम्परला छताचे आणि कोपऱ्यांचे अनेक सांधे असतात. तेथून पाणी झिरपतें आणि भिंत आंतून कुजते. म्हणून जुना कॅम्पर घेतांना कोपरे अंगठ्यानें दाबून पाहावे, मऊ लागले तर परत फिरावें. काचतंतूंच्या कवचाला सांधे थोडे, त्यामुळें तो दीर्घकाळ टिकतो. तेरा फुटी कॅम्पर मिनीव्हॅनच्या आवांक्यांत सहज येतो. मात्र त्यांत तिघाचौघांहून अधिक माणसें निजत नाहींत.

तिसरी जात घडीच्या कॅम्परची. रस्त्यावर हा एक बुटकी पेटी असतो. मुक्कामीं छत वर उचलावयाचें, दोन्हीं बाजूंनीं बिछाने बाहेर ओढावयाचे, आणि कापडाच्या भिंती उभ्या राहतात. सहा माणसें निजतात. बंद असतांना तो मोटारीच्या आडोशांत राहतो, हा त्याचा मोठा गुण. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ताशीं ५५ मैलांऐवजीं ६५ मैलांनीं गेलें तर तो सुमारें शेंकडा चाळीसनें अधिक होतो. उंच, सपाट तोंडाचा कॅम्पर वजनानें हलका असला तरी वाऱ्यापुढें जडच. दोष म्हणाल तर कापड ओलें मिटलें कीं त्याला बुरशी येते. पावसांत आवरावें लागलें तर घरीं पोंचतांच पुन्हां उघडून वाळवावें लागतें. दुसरें असें कीं, कापडी भिंती अस्वलांपुढें टिकत नाहींत. यलोस्टोनमधील फिशिंग ब्रिज या तळावर त्यामुळें पक्क्या भिंतींच्याच कॅम्परांना प्रवेश मिळतो. मॅडिसनसारख्या इतर तळांवर कापडी चालतात.

आम्हीं घडीचा कॅम्पर पसंत केला. रिकामा १,६०० पौंड. पाणी मुक्कामींच भरावयाचें ठरलें. बॅटरी, वायु आणि सामान धरून २,०३७ पौंड. शेंकडा बारा प्रमाणें दांडीचा भार २४४. आमच्यापाशीं उरलेले ३१० पौंड होते. सहाही माणसें बसून वर ६६ पौंड शिल्लक राहिले. निघण्यापूर्वीं, ट्रक थांबतात त्या ठिकाणच्या कांट्यावर मोटार आणि कॅम्पर उभे करून सारें वजन करून घेतलें. त्याला अगदीं थोडें शुल्क पडतें. कागदावरची बेरीज ही अटकळ असते. निकाल कांट्याचाच खरा.

ब्रेकांविषयीं सांगून संपवितों. मिनीव्हॅनचे ब्रेक मुख्यतः तिच्या स्वतःच्या वजनासाठीं असतात. कॅम्परला किती वजनापासून स्वतंत्र ब्रेक असावेत, याचे कायदे राज्याराज्यांत निराळे आहेत. पुष्कळ राज्यांत ३,००० पौंडांपासून, तर कॅलिफोर्नियांत १,५०० पासून. मीं म्हणेन, कायदा मागो वा न मागो, ते असावेत. विजेच्या ब्रेकांसाठीं मोटारींत एक नियामक बसवावा लागतो आणि सात कांड्यांची जोडणी लागते. चार तारांच्या साध्या जोडणीनें फक्त मागचे दिवे लागतात. हा खर्च विक्रेते बहुधा शेवटीं सांगतात, म्हणून आपण आधीं विचारावा.

या ब्रेकांचें मोल आम्हांस वायोमिंगमधील पावडर रिव्हर घाटांत कळलें. तो घाट ९,६६६ फूट उंच आहे. दर हजार फुटांस साध्या पेट्रोल यंत्राची शक्ति सुमारें तीन टक्क्यांनीं घटते. चढतांना आमची मोटार ट्रकांच्या रांगेंतून सावकाश चालली आणि कोणाची तक्रार नव्हती. माथ्यावर घटकाभर थांबून जांवयांनीं यंत्र खालच्या गतींत घातलें, आणि पायथ्यापर्यंत ब्रेकांना विसावा देत देत आम्ही उतरलों. मागच्या आसनावर आजी आणि नात एकमेकींना टेकून झोंपीं गेल्या होत्या.