श्रीपतीच्या पाटीगणिताचा माग

भास्कराचार्यांच्या हातचे एकही पान आज कुठे नाही. न्यूटनची टिपणे केंब्रिजला जाऊन पाहता येतात, त्याच्या ‘प्रिन्सिपिया’ची १६८७ ची छापील प्रत उघडता येते. आपल्या जुन्या गणितज्ञांच्या बाबतीत मात्र हाती येतात त्या नकलांच्या नकला, ग्रंथकारानंतर कित्येक पिढ्यांनी उतरवलेल्या. त्यामुळे थोर गणितज्ञाचा मूळ ग्रंथ शोधणे म्हणजे कपाटातून एक पोथी काढणे असे होत नाही. मूळ पाठ कोणता, हे पुराव्याने ठरवावे लागते. या कामाला आपण ग्रंथपालाची किंवा पंडिताची पूर्वतयारी समजतो आणि गणिताचा इतिहास त्यानंतर सुरू होतो असे मानतो. माझे म्हणणे असे की हे कामच गणिताच्या इतिहासाचा कणा आहे, आणि वडोदऱ्यात झालेले काम पाहिले की ते पटावे.

गुजरातेतले पाटण बडोदा संस्थानातच होते. तिथले जैन ग्रंथभांडार तपासायला सयाजीराव महाराजांनी १९१४ च्या सुमारास चिमणलाल दलाल यांना धाडले. अनंतकृष्ण शास्त्री पोथ्या मिळवत हिंडत होते. १९१६ मध्ये राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’ने गायकवाड प्राच्य ग्रंथमाला सुरू झाली आणि १९२७ मध्ये प्राच्यविद्या मंदिर उभे राहिले, आज ते महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा भाग आहे. दलाल १९१८ मध्येच वारले. त्यांच्या टिपणांवरून लालचंद्र गांधींनी सिद्ध केलेली पाटणच्या पोथ्यांची सूची छापून यायला १९३७ साल उजाडले. सूची करणारा नेमके काय करतो? बासन सोडतो, पाने मोजतो, समासातले पत्रांक जुळतात का ते पाहतो, मंगलाचरण उतरवून घेतो आणि शेवटच्या पानावरची पुष्पिका वाचतो. ग्रंथ कोणाचा, नक्कल कोणी, कोणत्या गावी, कोणत्या शकात केली, हे तिथे असते. ते पान गेले की पोथी निनावी होते. नाव असले तरी निभावतेच असे नाही, कारण आर्यभट दोन आणि भास्करही दोन. इंग्रज संस्कृतज्ञ कोलब्रुकला १८१७ पर्यंत आर्यभटाचा ग्रंथ मिळालाच नव्हता. इतरांनी केलेल्या उल्लेखांवरच त्याला भागवावे लागले. भाऊ दाजी लाडांना १८६४ मध्ये ‘आर्यभटीया’च्या पोथ्या मिळाल्या, तेव्हा कुठे जुना आर्यभट आणि ‘महासिद्धान्त’कार आर्यभट यांची गल्लत सुटू लागली. काळही शब्दांतून काढावा लागतो. भास्कराचार्य आपले जन्मवर्ष रस, गुण, पूर्ण, मही अशा शब्दांत देतात. रस सहा, गुण तीन, पूर्ण शून्य, मही एक. अंक उजवीकडून डावीकडे मांडले की शक १०३६ मिळतो, म्हणजे इसवी सन १११४.

श्रीपतीचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. अकराव्या शतकातला हा ज्योतिषी रोहिणीखंडचा. ते गाव म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातले रोहिणखेड असे मानतात. त्याच्या ‘ज्योतिषरत्नमाले’वरची जुनी मराठी टीका भाषेच्या अभ्यासकांना परिचयाची आहे, ती त्याचीच की दुसऱ्या कोणाची याबद्दल मतभेद असले तरी. त्याचे पाटीगणित, म्हणजे अंकगणिताचा ग्रंथ, ‘गणिततिलक’, तेराव्या शतकातल्या सिंहतिलकसूरी या जैन साधूच्या टीकेसह एकाच आणि तेही अपुऱ्या हस्तलिखितातून आपल्यापर्यंत आले. हीरालाल रसिकदास कापडियांनी ते संपादित केले आणि १९३७ मध्ये वडोदऱ्याच्या मालेत ७८ वा ग्रंथ म्हणून निघाले. कापडिया जैन वाङ्मयाचे जाणकार तर होतेच, पण शिकलेले आणि शिकवलेले गणित. इथे ते कामी येते. जुन्या पोथीत अपूर्णांकाला मधली रेघ नसते: पावणेतीन लिहायचे तर दोन, त्याखाली तीन, त्याखाली चार असा उभा रकाना. ऋण संख्येच्या डोक्यावर फक्त एक टिंब असते. नकलकाराचे टिंब सुटले की कर्ज जमेत जाते. वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती वडोदऱ्याच्याच प्राच्यविद्या मंदिराने १९५१ ते १९७५ या काळात काढली, तेव्हा एका श्लोकासाठी अनेक प्रती समोर ठेवता आल्या. एकुलत्या एका पोथीत दुसरा साक्षीदार म्हणजे उदाहरणच. ते सोडवून पाहायचे. उत्तर जुळले तर पाठ बरोबर, नाहीतर कुठला तरी अंक बिघडला आहे.

हा साक्षीदार दिशाभूलही करू शकतो, हा आक्षेप खरा आहे. ब्रह्मगुप्ताने शून्याला शून्याने भागून शून्यच उत्तर दिले. आजच्या गणिताला ते मान्य नाही. पण संपादकाने ते ‘दुरुस्त’ केले तर सातव्या शतकात शून्याचा विचार कुठवर पोचला होता याचा पुरावाच पुसला जाईल. नकलकाराची चूक सुधारायची आणि ग्रंथकाराची जपायची, ही निवड करायला गणित आणि लिपी दोन्ही यावी लागतात.

दुसरा आक्षेप याहून मोठा. गणितातले सत्य काळाने बदलत नाही, भाषांतरे झाली आहेत, मग जुन्या पोथ्या कशाला चाळायच्या? कोलब्रुकने १८१७ मध्ये ‘लीलावती’, बीजगणित आणि ब्रह्मगुप्ताचे अध्याय इंग्रजीत आणले, हे खरेच मोठे काम. पण भारतीय गणितात नियम आहेत, सिद्धता नाहीत, हा समज त्यानंतरही टिकला, कारण वाचणारे सूत्रापाशीच थांबले. उपपत्ती, म्हणजे सिद्धता, असतात टीकांमध्ये. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांची ‘लीलावती’वरची ‘बुद्धिविलासिनी’ १५४५ ची. ती कोलब्रुकने वापरली होती, पण पुण्याच्या आनंदाश्रमाने दत्तात्रेय विष्णु आपट्यांच्या संपादनाखाली ती छापली १९३७ मध्ये. म्हणजे मधली एकशे वीस वर्षे हा पुरावा पोथीतच बंद होता. एवढ्या काळात एखादे चुकीचे मत पाठ्यपुस्तकात सहज स्थिरावते.

आता सगळे संगणकावर चढते आहे, तेव्हा शोध आपोआप सोपा होईल, असेही ऐकू येते. छायाचित्राने पोथी वाचते आणि दूरच्या अभ्यासकाला ती घरी मिळते. त्याचे मोल मी कमी लेखत नाही. पण चुकीच्या नावाने नोंदलेली पोथी पडद्यावरही चुकीच्याच नावाने सापडते, किंवा सापडतच नाही. कापडियांच्या छापील पाठाला बरीच दशके लोटल्यावर, २०१९ मध्ये, आलेस्सांद्रा पेट्रोकी यांनी ‘गणिततिलक’ आणि त्यावरची टीका या दोहोंचे इंग्रजी भाषांतर व अभ्यास प्रसिद्ध केला. आधी कोणी पाने लावून अंक तपासले नसते तर त्यांना आधार उरला नसता. ‘गणिततिलका’चा उरलेला भाग कुठे असेलच तर बहुधा पहिले-शेवटचे पान गमावलेल्या एखाद्या गठ्ठ्यात असेल. हस्तलिखितांच्या सूचीत गणित असे स्वतंत्र सदर बहुधा नसते, त्यामुळे शोधणाऱ्याने ज्योतिषाखालच्या ‘अपूर्ण’ नोंदींपासून सुरुवात करावी आणि पोथीत त्रैराशिकाचा एखादा हिशेब भेटला तर तो तिथेच सोडवून पाहावा.