व्हेरकाउटरेन, फ्रँकी
व्हेरकाउटरेन, फ्रँकी : (२८ ऑक्टोबर १९५६ – ). बेल्जियमचा ख्यातनाम फुटबॉलपटू व प्रशिक्षक. जन्म ब्रूसेल्सलगतच्या मोलेनबेक येथे. १९७५ मध्ये अँडरलेख्ट क्लबच्या मुख्य संघात त्याचा प्रवेश झाला. तेथील डावी बगल तेव्हा रॉब रेन्सनब्रिंक या डच खेळाडूकडे होती. १९८० मध्ये तो क्लब सोडून गेल्यावर ती मुख्यत्वे व्हेरकाउटरेननेच सांभाळली. अंगबळापेक्षा डाव्या पायाचे अचूक पास हे त्याचे बलस्थान. १९८३ मध्ये अँडरलेख्टने यूएफा चषक जिंकला व त्याच वर्षी बेल्जियममधील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा ‘सुवर्ण बूट’ त्यास लाभला. मेक्सिकोतील विश्वचषक स्पर्धेत (१९८६) बेल्जियमला चौथे स्थान मिळाले. तीत पॅराग्वायविरुद्ध त्याने एक गोल केला. राष्ट्रीय संघातर्फे तो ६३ सामने खेळला.

प्रशिक्षक म्हणून मिळालेल्या यशाने त्यास स्थैर्य मात्र दिले नाही. अँडरलेख्टला त्याने २००६ व २००७ अशी लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली, तरी नोव्हेंबर २००७ मध्ये क्लबने त्यास दूर केले. त्याची खरी कामगिरी गेंक येथील होय. अखेरच्या दिवशी स्टँडर्ड लिएझशी १–१ अशी बरोबरी साधून या संघाने २०११ चे विजेतेपद पटकाविले; गोलरक्षक तिबो कुर्त्वा व केव्हिन डी ब्राउनं हे दोघेही त्यावेळी विशीच्या आतले होते. पुढील मोसमाच्या आरंभीच तो अबू धाबीच्या अल् जझीरा संघाकडे गेला. २०१९ मध्ये अँडरलेख्टने त्यास पुन्हा पाचारण केले. परंतु ऑगस्ट २०२० मध्ये ते पद व्हिन्सेंट कोंपानीकडे गेले.