तंबोरानिर्मिती, मिरजेची
महाराष्ट्र राज्याच्या सांगली जिल्ह्यातील मिरज शहरात तंबोरा, सतार इ. तंतुवाद्ये हाताने घडविण्याचा परंपरागत व्यवसाय. हिंदुस्थानी संगीताच्या गायकवर्गात मिरजेच्या तंबोऱ्यास विशेष मान आहे.

या व्यवसायाचा आरंभ सु. १८५० मध्ये फरीदसाहेब यांच्यापासून झाल्याचे मानले जाते. त्यांचे घराणे शिकलगारांचे, म्हणजे शस्त्रे घडविणाऱ्यांचे व त्यांना धार लावणाऱ्यांचे. मराठी सत्तेच्या अस्तानंतर शस्त्रांची मागणी ओसरली आणि हातातील कसब वाद्यांकडे वळले. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांचा संगीतास आश्रय होता. पुढे किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीमखाँ (१८७२–१९३७) मिरजेत स्थायिक झाले. त्यांच्यासारख्या चोखंदळ गायकांच्या सहवासाने कारागिरांचा कान तयार झाला. ‘सतारमेकर’ हे आडनाव लावणारी कुटुंबे आजही शहरात हाच व्यवसाय करतात.

गिटारची पेटी पातळ फळ्या वाकवून तयार करतात. तिचा आकार सर्वस्वी कारागिराच्या हाती असतो. तंबोऱ्याचे तसे नाही. त्याचे पोट वेलीवर वाढते. हा भोपळा खाण्याच्या दुध्याच्याच जातीचा, पण चवीला कडू व कवचाने जाड असतो. सोलापूर जिल्ह्यात पंढरपूर, मंगळवेढे या भागांत भीमेच्या खोऱ्यात त्याची लागवड होते. फळ वाढत असताना ते जमिनीवर जसे टेकते, तसा त्याला आकार येतो. म्हणून जाणता शेतकरी ते वेळीच सरळ बसवितो. पक्व भोपळे शेतातच वाळू देतात. अवेळी पाऊस झाल्यास ते कुजतात वा डागाळतात, आणि ही हानी कारखान्यात भरून काढता येत नाही.

वाळलेला भोपळा पाण्यात भिजवून नरम करतात, कापतात व आतील गर आणि बिया काढून टाकतात. नंतर तोंडाशी आडव्या काठ्यांचा ताण देऊन तो हव्या त्या गोलाईत सुकवितात. त्यावर लाकडी गळा, पोकळ दांडी आणि किंचित फुगीर तबली सरसाने बसविली जाते. यासाठी मुख्यतः तून वृक्षाचे लाकूड वापरतात. ते हलके असून चांगले मुरल्यावर सहसा पिळवटत नाही. तबलीची जाडी ठरविताना कारागीर ती बोटाने ठोकून नादाचा अंदाज घेतो. सांधे झाकणारी पाने, नक्षी व लाखेचे पॉलिश ही पुढची कामे होत. पूर्वी नक्षीसाठी व घोडीसाठी हस्तिदंत वापरीत. त्याच्या व्यापारावर १९८६ व १९९१ मध्ये कायद्याने निर्बंध आल्यानंतर हाड, शिसवी लाकूड व कृत्रिम पदार्थ त्याच्या जागी आले.

वाद्याचा खरा कस लागतो तो जवारीत. गिटारची तार धारदार कडेवरून जाते. तंबोऱ्याची घोडी रुंद असून तिचा माथा अत्यंत मंद उताराचा असतो. कंप पावणारी तार त्या उतारास पुनःपुन्हा चाटून जाते आणि त्यामुळे मूळ स्वराबरोबर अनेक उच्च स्वर उमटतात. तार ज्या बिंदूवर छेडली जाते, तेथे निस्पंद असणारे उपस्वर उत्पन्न होऊ नयेत, असा यंग व हेल्महोल्ट्झ यांचा नियम आहे. तंबोऱ्यात तो लागू पडत नाही, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखविले व त्याचे कारण घोडीच्या रचनेत असल्याचे सांगितले. खर्जाच्या तारेतून गायकास जो ‘स्वयंभू’ गांधार ऐकू येतो, तो तिचा पाचवा उपस्वर होय. या उताराचे कोणतेही माप कारागिराजवळ नसते. तो कानस फिरवितो, तार लावतो, ऐकतो आणि पुन्हा घासतो. कानशीचा एक फटका अधिक पडला, तर सारा माथा नव्याने समतल करावा लागतो. हे काम वर्षानुवर्षांच्या सरावानेच साधते. घोडी व तार यांमध्ये सरकविलेला सुती धागा जवारी ‘उघडण्या’स साहाय्य करतो, परंतु सदोष माथा धाग्याने सुधारत नाही.

पुरुष गायकांचा तंबोरा सु. दीड मीटर लांब, तर स्त्रियांचा उंच पट्टीसाठी (सामान्यतः काळी चार ते काळी पाच) त्याहून लहान करतात. प्रवासासाठी भोपळ्याऐवजी उथळ लाकडी पेटी असलेली छोटी तंबोरीही बनवितात. ती नेण्यास सोयीची खरी. तथापि भोपळ्याचा भरदार, गोल नाद तिच्यात उतरत नाही.

विसाव्या शतकाच्या अखेरीस इलेक्ट्रॉनिक तंबोरा प्रचारात आला व आता भ्रमणध्वनीवरही त्याचा स्वर मिळतो. नित्याच्या रियाजातील लाकडी तंबोऱ्याची जागा त्यामुळे बरीच आकुंचित झाली. मैफलीत मात्र गायकाच्या मागे तंबोऱ्यांची जोडी अद्याप दिसते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. या मानांकनाने नावाचे रक्षण होईल. जवारीचा कान मात्र वडिलांच्या वा गुरूच्या शेजारी बसूनच तयार होतो, आणि त्या दीर्घ उमेदवारीच्या काळात मिळकत तुटपुंजी असल्याने अनेक तरुण अन्य व्यवसायांकडे वळतात. तारांच्या घर्षणाने घोडीवर कालांतराने चरे पडतात व जवारी पुन्हा काढावी लागते. त्यामुळे जुन्या वाद्यांची दुरुस्ती हेही या कारागिरांच्या उपजीविकेचे एक साधन आहे.