उकळणारा दगड आणि सवडीचे गणित

पुण्याजवळ वाघोलीच्या दगडखाणींत काळा पाषाण फुटला की कधीकधी आत एक पोकळी उघडते. तिच्यात शुभ्र, गुलाबी स्फटिक लखलखत असतात. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट: ही सारी झिओलाइटची भावंडे. १७५६ साली क्रॉनस्टेट या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाने असा खडा तापवला, तेव्हा तो फसफसला. आतल्या सूक्ष्म छिद्रांत दडलेल्या पाण्याची ती वाफ. म्हणून ग्रीक भाषेतून नाव पडले, ‘उकळणारा दगड’.

बँकेत असताना खडीच्या धंद्यासाठी कर्ज मागणाऱ्या एकाने असा एक झुबका माझ्या टेबलावर ठेवला होता. तारण म्हणून नव्हे, कौतुकाने!

झिओलाइट कारखान्यातही होते. आपल्या धुण्याच्या पावडरीतसुद्धा ते घालतात. अमेरिकेत रॉबर्ट मिल्टन यांनी १९४९ मध्ये ‘झिओलाइट ए’ घडवले. सोडियम सिलिकेट आणि सोडियम अ‍ॅल्युमिनेट यांची द्रावणे एकत्र केली की दाट लापशी होते. ती शंभरेक अंशांवर काही तास ठेवली की पांढरी भुकटी तयार. कण मात्र मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाच्या आसपास! साहित्य तेच, पण अल्कली, पाणी, उष्णता किंवा वेळ बदलली की स्फटिकाची जातच बदलते. तीच लापशी फार वेळ तापत राहिली तर ‘ए’ विरघळते आणि अरुंद छिद्रांचे सोडालाइट बसते. पाकाशी झुंजलेल्या गृहिणीला हे नवल वाटणार नाही.

आकाराचे गणित बीजांचे. एकदम असंख्य बीजे धरली की माल सगळ्यांत वाटला जातो आणि कोणीच वाढत नाही. १९७१ मध्ये चार्नेल यांनी ट्रायइथेनॉलअमाइन घालून अ‍ॅल्युमिनियम जरा अडवून धरले, हळूहळू सुटू दिले. स्फटिक वाढले, तरी केसाच्या जाडीइतकेच.

दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्यातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत कोमट-कढत पाणी सिलिका, कॅल्शियम घेऊन झिरपत राहिले. मुदतठेव म्हणावी तर मुदत मोजायलाच कोणी नव्हते. म्हणूनच तिथे बोटाएवढे, कधी तळहाताएवढे स्फटिक.

असे काही सिन्नरच्या ‘गारगोटी’ संग्रहालयात पोहोचले, काही परदेशी. बाकीचे खडी होऊन डांबराखाली गेले. खाणमालकाला मी दोष देत नाही. सुरुंग नसता तर पोकळी उघडलीच नसती. पण ती दिसल्यावर यंत्र अर्धा तास थांबवायला असा काय तोटा येतो? छिन्नी-हातोडी घेतलेला एक सावध मजूर तेवढ्या वेळात झुबका अलगद सोडवून कापसात ठेवू शकतो.